स्केटबोर्डवरचा पोरगा पादचारी कसा झाला? अपघाताच्या कोडचा छोटा इतिहास

आज एका विचित्र गोष्टीपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, स्केटबोर्डवरून पडणाऱ्यासाठी कोड आहे: डब्ल्यू ०२. आइस-स्केट, स्की, रोलर स्केट किंवा स्केटबोर्ड वापरताना पडणे, असा त्याचा अर्थ. पण त्याच पोराला मागून कार येऊन धडकली, तर हा कोड चालत नाही. मग तो होतो व्ही ०३.१, म्हणजे रस्त्यावर कार, पिकअप किंवा व्हॅनने धडक दिलेला पादचारी. म्हणजे पोरगा आपलाआपण पडला तर स्केटबोर्ड नोंदीत दिसतो, आणि गाडीनं उडवला तर नोंदीतून गायब होतो.

तुम्ही म्हणाल, उमरीत कुणाकडं स्केटबोर्ड आहे? बरोबर आहे. आमच्या तालुक्यात स्केटबोर्डपेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त. पण गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणायची, फळीला ठोकायची आणि उताराच्या रस्त्यावर बसून सुटायचं, ही बेअरिंगची गाडी गावागावातल्या पोरांना माहीत आहे. बाजाराच्या दिवशी तसल्याच फळीवर बसून हातानं जमीन ढकलत जाणारा अपंग माणूसही तुम्ही पाहिला असेल. आयसीडीच्या नजरेतून हे दोघंही स्केटबोर्डवाल्याच्याच रांगेत बसतात. ही रांग कशी तयार झाली आणि तिच्यामुळे आपल्या डेटात काय हरवतं, ते संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांनी समजून घ्यावं म्हणून हा लेख.

आधी एक पायाभूत गोष्ट. दुखापतीच्या नोंदीला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पहिला, शरीराला काय झालं? हाड मोडलं, डोक्यात रक्तस्राव झाला, यकृत फाटलं. दुसरा, हे कशामुळे झालं? मराठवाड्यातल्या कुणालाही आठवेल असं उदाहरण घेऊ. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीनं धडक दिली. ते मागच्या सीटवर होते. त्यांना झालेली इजा हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर आयसीडी-१० मध्ये व्ही ४३.६ असं लिहिता येईल: कारमधला प्रवासी, समोरची गाडीही कारच, घटना रस्त्यावरची. चारच खुणा, पण त्यात मरणारा कशात होता, कुठं बसला होता, कशाची धडक बसली आणि ती रस्त्यावर बसली की आवारात, एवढं सगळं मावतं. मागच्या सीटवरच्या बेल्टची चर्चा देशभर करायची असेल तर असे कोड मोजूनच करता येते. नुसत्या 'यकृताला इजा' या शब्दांवरून नाही.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे माणसाला फार उशिरा उमगलं. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांवरून जॉन ग्रॉंट यानं १६६२ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात रोग आणि अपघात एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. पुढं १८५३ मध्ये ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. सगळ्या देशांना चालेल अशी मृत्यूच्या कारणांची यादी करा, असं काम तिनं इंग्लंडचे विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क द'एस्पीन या दोघांना दिलं. दोघांनी १८५५ ला पॅरिसमध्ये आपापली यादी मांडली आणि दोन्ही याद्यांचा पायाच वेगळा निघाला. शेवटी १३९ नोंदींची तडजोडीची यादी मंजूर झाली. (दोन गाइड असलेल्या पीएचडीवाल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.)

त्यानंतर आले पॅरिसचे जाक बर्तियों. गुन्हेगारांची शरीरमापं घेणारा प्रसिद्ध आल्फोन्स बर्तियों तो यांचाच भाऊ. एकानं माणसं मोजून ओळखायची पद्धत काढली, दुसऱ्यानं मरणं मोजायची. जाक यांची यादी १८९३ मध्ये शिकागोला मांडली गेली आणि १९०० मध्ये पॅरिसमध्ये २६ देशांच्या परिषदेत तिची पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा झाली. आयसीडीची वंशावळ इथूनच मोजतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं खरं वळण मात्र १९४८ चं. उमरीकरांना हे साल वेगळ्या कारणानं पाठ असतं: जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामातली उमरी बँकेची लूट, सप्टेंबरात पोलीस ॲक्शन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसला सहाव्या सुधारणेची परिषद भरली आणि ही यादी नव्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ताब्यात आली. तोवर यादी मुख्यतः मृत्यूची होती. आता तिच्यात आजार आणि दुखापतीही आल्या. आणि अपघातांसाठी दोन समांतर याद्या झाल्या. इजेचं स्वरूप सांगणारी 'एन' यादी आणि बाह्य कारण सांगणारी 'ई' यादी. दोन्हींचे आकडे ८०० ते ९९९ हेच, फरक फक्त समोरच्या अक्षराचा! आज हे गमतीचं वाटतं, पण एका अपघाताला दोन कोड लागतात हे तत्त्व इथं पक्कं झालं.

त्यासोबत एक नियमही रूढ झाला, जो आपल्याकडं अजून नीट पोचलेला नाही. अपघाती मृत्यूचं 'मूळ कारण' म्हणून डोक्याची इजा मोजायची नाही, ती इजा घडवणारी परिस्थिती मोजायची. म्हणजे मृत्यूच्या आकडेवारीत 'ट्रकची धडक' हे मूळ कारण आणि 'कवटीचं फ्रॅक्चर' हा त्याचा परिणाम.

आता स्केटबोर्ड. अमेरिकेत त्याची पहिली लाट १९६० च्या दशकात आली. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली, बोर्ड रस्त्याला धरून पळू लागले आणि दुसरी, मोठी लाट आली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी तिथं १९७२ च्या कायद्यानं आयोग स्थापन झाला होता. या आयोगानं निवडक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून नोंदी गोळा करायची व्यवस्था उभी केली. तिच्यात प्रश्न सरळ होता: कोणती वस्तू गुंतली होती? त्या यादीत स्केटबोर्डचा आकडा १३३३. प्रत्येक केससोबत एक-दोन ओळींचं वर्णनही साठवलं जातं. वर्गीकरण चुकलं तरी ती ओळ पुन्हा वाचता येते, हा तिचा मोठेपणा.

आकडे पुढं आले की सरकारं हलतात, कधी कधी जरा जास्तच. अमेरिकेतल्या दुखापतींच्या बातम्या ऐकून नॉर्वेनं १९७८ मध्ये स्केटबोर्डवर चक्क बंदी घातली. ती १९८९ पर्यंत टिकली. पोरं जंगलात लपवून रॅम्प बांधायची! पण यातली मेख बघा. एखादी वस्तू कशामुळे धोकादायक ठरते? बोर्डवरून पडल्यामुळे की बोर्डवर असताना गाडीनं उडवल्यामुळे? पहिल्याचं उत्तर हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड. दुसऱ्याचं उत्तर गाडीचा वेग आणि रस्त्याची रचना. दोन्ही आकडे एकत्र केले तर दोष आपोआप पोराच्या माथी जातो.

त्या काळात नववी आवृत्ती चालू होती. तीत रस्त्यावरच्या मोटार अपघातांचे कोड ई ८१० ते ई ८१९. आधी विचारायचं: मोटार कशाला धडकली? मग शेवटच्या अंकात जखमी कोण ते टाकायचं. पादचाऱ्याला धडक म्हणजे ई ८१४, आणि जखमी स्वतः पादचारी म्हणून ई ८१४.७. वर्णनाचा केंद्रबिंदू मोटार होती.

दहाव्या आवृत्तीनं हे उलटं केलं. १९९० मध्ये ती मंजूर झाली आणि १९९४ पासून वापरात आली (आपलं नांदेडचं विद्यापीठही त्याच वर्षी सुरू झालं). आता पहिला प्रश्न झाला: जखमी माणूस कशावर होता? पायी असेल तर व्ही ०१ ते ०९, सायकलवर असेल तर १० पासून, मोटारसायकलवर असेल तर २० पासून, तीनचाकी मोटारीत असेल तर ३० पासून. दुसरा प्रश्न: धडक कशाची? माझ्या मते बाह्य कारणांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा बदल आहे. अपघात टाळायचा तर मार कुणाला बसतो ते आधी कळायला पाहिजे. या रचनेत आपल्या रस्त्यांनाही चांगली जागा मिळते. बैलगाडीत बसलेल्याला ट्रकनं उडवलं तर व्ही ८०.४. शेतीच्या ट्रॅक्टरवरच्या माणसासाठी सबंध व्ही ८४ राखून ठेवलाय, त्यातही चालक वेगळा, प्रवासी वेगळा, बाहेर लटकलेला वेगळा. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडं जे घडतं ते नोंदवायला कोड कमी पडत नाहीत.

मग स्केटबोर्ड? तो आणि तसली साधनं व्याख्येत गेली. आयसीडीत पादचारी म्हणजे फक्त पायी चालणारा नव्हे. चालण्याऐवजी माणूस ज्यावर सरकतो अशी 'पादचारी साधनं' वापरणाराही पादचारीच. बाबागाडी, ढकलगाडी, रोलर स्केट, स्कूटर (पायानं ढकलायची), स्केटबोर्ड, व्हीलचेअर ही सगळी त्या यादीत. म्हणून आमच्या बेअरिंगच्या गाडीवरचं पोरगंही गाडीनं उडवलं की पादचारी. व्याख्या चुकीची नाही. गाडीच्या समोर हे सगळे सारखेच उघडे. पण एका खान्यात घातल्यावर आतून कोण कोण मेलं ते विचारायची सोय उरत नाही.

अमेरिकेनं आपल्या रुग्णालयांसाठी याच आयसीडी-१० ची सविस्तर प्रत तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती लागू केली. त्यात व्ही ०३.१ च्या पोटात आणखी एक अंक आला. पायी चालणारा व्ही ०३.१०, रोलर स्केटवाला व्ही ०३.११, स्केटबोर्डवाला व्ही ०३.१२. पुढं उपचाराची पहिली खेप की नंतरची हे सांगणारं अक्षर. दुचाकीनं धडक दिली तर व्ही ०२.१२, ट्रक-बसनं दिली तर व्ही ०४.१२. हे बारकावे तिथं का आले? विमा आणि बिलांच्या व्यवस्थेला बारीक कोड लागतात, हे एक मोठं कारण. संशोधकाला त्याचा फायदा आपसूक मिळाला. पण याचा अर्थ असा की 'अमेरिकेत स्केटबोर्डवाल्यांना गाड्यांच्या धडका बसतात आणि भारतात बसत नाहीत' असं जर कुणाच्या तक्त्यातून निघालं, तर त्यानं रस्ते मोजले नाहीत, कोडच्या पुस्तकांतला फरक मोजला.

कारण धडका इथंही बसतात. केरळचा अनस हजास २०२२ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरला स्केटबोर्डवर निघाला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला, प्रवास संपत आला असताना, हरियाणात ट्रकच्या धडकेत तो गेला. देशभर बातम्या झाल्या. जागतिक आयसीडी-१० प्रमाणे असा मृत्यू व्ही ०४.१: अवजड वाहनाने धडक दिलेला पादचारी. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत. मृतांच्या तक्त्यात पादचारी, सायकल, दुचाकी, रिक्षा, कार, ट्रक, बस असे रकाने आहेत, स्केटबोर्डचा नाही. त्याच वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंग आलं आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक जिंकलं. पदकांच्या यादीत स्केटबोर्ड आला, मृत्यूच्या तक्त्यात अजून यायचाय.

आता आपल्या कॅज्युअल्टीच्या टेबलावर येऊ. अपघाताची केस आली की डॉक्टर एमएलसी करतात आणि केसपेपरवर तीन अक्षरं लिहितात: आरटीए. ही तीन अक्षरं इतकी जगभरची आहेत की आयसीडी-१० मध्येच त्यांना जागा आहे: व्ही ८९.२, म्हणजे अधिक तपशील नसलेला रस्ते अपघात. आणि आरटीए सुद्धा न लिहिता नुसतं 'डोक्याला मार' लिहिलं, अपघाती एवढंच कळलं, तर केस जाते एक्स ५९ मध्ये, कारण अनिश्चित. बैलगाडीचा व्ही ८०, ट्रॅक्टरचा व्ही ८४, पादचाऱ्याचा व्ही ०३, सगळे तयार असून रिकामे बसतात आणि व्ही ८९.२ तुडुंब भरतो. डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. रात्री दोन वाजता समोर तीन जखमी, एकाला नांदेडला पाठवायचंय, १०८ दारात उभी. त्या वेळी समोरच्या वाहनाचा प्रकार विचारायचं सुचणार कुणाला? पण ते नंतर भरायला कुणी नेमलेलं नसतं, हा प्रश्न व्यवस्थेचा आहे.

शिवाय नातेवाईक काय सांगतात तेही बघा. 'पडला' हा शब्द आपल्याकडं फार कामाचा. पोलिसाचं लफडं नको, धडक देणारा गावातलाच आहे, आपसात मिटलंय, अशा वेळी गाडीनं उडवलेलं पोरगंही कागदावर 'पडतं'. मग व्ही चा डब्ल्यू होतो. हा नुसता आकडेवारीचा प्रश्न नाही. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. पहिल्या कागदावर 'घसरून पडला' असं असेल तर पुढं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकील तोच कागद पहिल्यांदा काढतो. २०२३ पासून निजामकालीन नोंदींची जी शोधाशोध मराठवाड्यात चाललीय, ती पाहिलेल्या माणसाला रकान्यातल्या एका शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको.

मृत्यूच्या कारणाचा अधिकृत कागद म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ खालचा नमुना ४. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरांनी तो भरायचा. त्यात नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून असा मृत्यूचा प्रकार आहे, आणि इजा कशी झाली, असा एक छोटा रकानाही आहे. व्ही चा अख्खा अध्याय त्या एका ओळीवर उभा आहे. ती रिकामी सोडून वर 'हृदयक्रिया बंद पडून' लिहिलं की संपलं. आणि देशात २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू होते अवघे २२.५ टक्के.

मग पोलिसांचे आकडे घ्यावेत का? घ्या, पण वाचून घ्या. मंत्रालयाच्या आकड्यांत २०१४ मध्ये १२,३३० पादचारी मेले, २०१७ मध्ये २०,४५७. तीन वर्षांत चालणाऱ्यांवर असं काय आभाळ कोसळलं? याच सुमारास अपघात नोंदीचा नमुना सुधारला होता, मेलेला कोण होता हे नीट विचारलं जाऊ लागलं होतं. त्यामुळे या वाढीत किती मरण आणि किती मोजणी, हे नुसत्या तक्त्यावरून सुटत नाही. दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन (२०२१ मध्ये ते कोविडनं गेले) आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच सांगत होते. त्यांनी पोलीस ठाण्यांतल्या मूळ फिर्यादी वाचल्या आणि दाखवलं की सरकारी तक्त्यात पादचाऱ्यांचा वाटा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी लागतो. कारण तक्ता भरणारा बऱ्याचदा वाहनाकडून विचार करतो: ट्रकचा अपघात, म्हणून ट्रकच्या रकान्यात. आयसीडीनं नवव्या-दहाव्या आवृत्तीच्या मध्ये जो उलटा फेर घेतला, तो आपल्या ठाण्यात अजून पुरता झालेला नव्हता.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी यातून कामाचं एवढंच. दुय्यम डेटा हातात आला की आधी व्याख्यांची पानं वाचा, आकडे नंतर. एक उदाहरण देतो. 'रस्त्यावरचा' आणि 'रस्त्याबाहेरचा' अपघात आयसीडीत वेगळा. पण शेताकडं जाणारा पाणंद रस्ता कुठं धरायचा? लोकांना हक्कानं किंवा वहिवाटीनं ये-जा करायला खुली असलेली जागा म्हणजे सार्वजनिक रस्ता, अशी तिथली व्याख्या आहे. वहिवाट हा शब्द धरला तर पाणंदीवरचा ट्रॅक्टरचा अपघात रस्त्यावरचा ठरतो. कोड देणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो 'शेतातला' म्हणून टाकेल. अशा वेळी तुमच्याकडं मूळ वर्णनाची ओळ असेल तर तुम्ही पुन्हा कोड देऊ शकता, नसेल तर नाही. म्हणून एखाद्या रुग्णालयाकडं डेटा मागताना नुसती कोडची एक्सेल फाइल मागू नका. नैतिक समितीची परवानगी घेऊन, नावं काढून टाकलेले का होईना, केसपेपरवरचे मूळ शब्द मागा. आणि व्ही ८९.२ चं प्रमाण किती आहे ते सगळ्यात आधी काढा. ते निम्म्याच्या वर असेल तर पादचारी विरुद्ध दुचाकी अशी तुलना मांडण्यात अर्थ नाही. त्या डेटावर प्रबंध लिहायचाच असेल तर तो नोंदीवर लिहा, अपघातावर नको.

आणखी एक, हे काम लवकर करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात. एमएलसीचे कागद बरेच ठिकाणी त्याहून जास्त ठेवतात, कारण कोर्टाचं बोलावणं कधीही येतं. बाकीचे गठ्ठे मुदत संपली की कोठीतून रद्दीत जातात. त्यानंतर त्या पोराचं जे काही उरतं ते संगणकातला एक अक्षर आणि तीन अंक.